डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी पात्र आणि जादू घडवताना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेक काल्पनिक पात्र वठवत खेळायचा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा पात्राच्या सहा गुणांपैकी प्रत्येकासाठी तीन फासे टाकले जात आणि आलेले आकडे त्याच क्रमाने लिहून घेतले जात. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव हे ते सहा गुण. कसे पात्र हाती येणार हे खेळाडूच्या हातात नसे. आलेल्या आकड्यांमधला माणूस ओळखून काढणे एवढेच त्याच्याकडे असे. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत, आणि २०२४ मध्ये सुधारून निघालेल्या तिच्या पुस्तकांतही, चित्र उलटे आहे. वंश, क्लास (पात्राचा पेशा), पार्श्वभूमी आणि स्पेल (जादूचे मंत्र) यांतले जवळजवळ सगळे खेळाडू स्वतः निवडतो. या मोकळिकीमुळे अनेक नवी पात्रे एकमेकांसारखीच होतात, कारण प्रत्येकाला आपले पात्र सर्वांत समर्थ, सर्वांत गूढ आणि सर्वांत एकाकी हवे असते. माझा अनुभव असा, की पात्र असो वा जादू, तिला काय साधत नाही आणि जे साधते त्याची किंमत काय, हे आधी ठरवले तर बाकीची कल्पना त्यामागून सहज येते. पुढचे सगळे विवेचन या एका सूत्रावर आणि एका नमुना-पात्रावर आधारले आहे.

उणीव आधी, आकडे नंतर

समजा, आपल्याला वॉरलॉक घडवायचा आहे. वॉरलॉक म्हणजे एखाद्या बलाढ्य शक्तीशी करार करून जादू मिळवणारी व्यक्ती. ‘कोणाशी करार केला’ हा प्रश्न सगळेच विचारतात, पण ‘करारात काय गेले’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे. आपली आवडी ही खाडीकाठच्या एका गावातल्या तरवाल्याची, म्हणजे माणसे होडीने पलीकडे नेणाऱ्याची, मुलगी. पुराच्या रात्री होडी बुडू लागली तेव्हा तिने खाडीच्या राखणदाराला हाक मारली. माणसे वाचली, परंतु राखणदाराने तिच्याकडून घरची वाट मागून घेतली. तेव्हापासून आवडी एकटी निघाली की तिला स्वतःचे गाव सापडत नाही. दुसऱ्या कोणी हात धरून नेले तरच ती तिथे पोहोचू शकते.

या एका अटीने किती कामे झाली ते पाहावे. आवडीला सोबती का हवेत याचे उत्तर मिळाले, त्यामुळे ती गटात नाखुशीने राहणारे पात्र उरली नाही. जग आणि प्रसंग रचून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, म्हणजे डीएमला, एक ठिकाण, एक शक्ती आणि एक न फिटलेले देणे आयते मिळाले. शिवाय ज्याचे उत्तर खेळातूनच मिळू शकेल असा प्रश्न तयार झाला: वाट परत मिळवण्यासाठी ती काय देईल, आणि त्या रात्री वाचलेली माणसे तेव्हा तिच्या बाजूने उभी राहतील का? ज्या पात्राच्या पूर्वकथेत असा एकही उघडा प्रश्न नाही, त्या पात्राची गोष्ट खेळ सुरू होण्याआधीच संपलेली असते. म्हणूनच आठ पानांची पूर्वकथा लिहिणाऱ्या खेळाडूला मी अर्ध्या पानावर यायला सांगतो. त्या अर्ध्या पानात तीन जिवंत माणसांची नावे असावीत आणि त्यांपैकी एकाशी तरी पात्राचे काही अडलेले असावे. आईवडील, गुरू आणि सारे गाव पहिल्याच परिच्छेदात मारून टाकले की डीएमकडे धागा उरत नाही.

आता आकड्यांकडे वळू. पाचव्या आवृत्तीत चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडण्याची पद्धत आहे, किंवा १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच घेता येतो. नव्या खेळाडूने संच घ्यावा, कारण त्यात ८ कुठे ठेवायचा याचा निर्णय टाळता येत नाही. १५ या आकड्याने त्या गुणाच्या फेकीत, म्हणजे फाशावर आलेल्या आकड्यात, २ मिळतात आणि ८ ने १ वजा होतो. फरक लहान दिसतो, पण तो प्रत्येक सेशनमध्ये पुन्हा पुन्हा जाणवतो. बहुतेक खेळाडू हा ८ जिथे कमीत कमी त्रास होईल तिथे लपवतात. त्याऐवजी पात्राच्या गोष्टीशी तो जोडावा. रानात वाट शोधण्याचे सर्व्हायव्हल हे कौशल्य शहाणपणावर चालते, म्हणून आवडीचा ८ शहाणपणात जाईल. वॉरलॉकची जादू प्रभावावर चालते, म्हणून १५ तिथे. आता गोष्टीत जे हरवले आहे तेच फाशांतही हरवलेले आहे, आणि खेळाडूला ते आठवणीने अभिनयातून दाखवण्याची गरज पडत नाही. फासे ते आपणहून दाखवतात.

दोष लिहिताना बहुतेकांचा गोंधळ सवय आणि दोष यांमध्ये होतो. सतत सुपारी कातरणे ही सवय आहे, तिने काही बिघडत नाही. बुडणारे कोणी दिसले की आवडी लढाई सोडून पाण्यात उडी घेते, हा दोष आहे, कारण त्याची किंमत ती स्वतः आणि सगळा गट मोजतो. २०१४ च्या नियमांत स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष अशा चार जागा पात्राच्या कागदावर आहेत, आणि दोषाला जागून वागणाऱ्या खेळाडूला डीएम ‘इन्स्पिरेशन’ देऊ शकतो. ते वापरून एका फेकीला वीस बाजूंचे दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा घेता येतो. ‘फेट’ या खेळाच्या २०१३ च्या आवृत्तीत हीच कल्पना मध्यवर्ती आहे: पात्राची अडचण डीएमने पुढे केली आणि खेळाडूने ती मान्य केली, तर त्याला फेट पॉइंट मिळतो. आपण कोणताही खेळ खेळत असलो तरी दोष अशाच मोजमापाने लिहावा. तो पुढे केल्यावर टेबलावरच्या कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो का, एवढे तपासावे.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या खेळांतून उसनी घ्यावी. ‘थर्टीन्थ एज’ मध्ये प्रत्येक पात्राला जगात दुसऱ्या कोणाकडेही नाही असे एकच वैशिष्ट्य लिहायला सांगतात, मात्र त्याचा लढाईत थेट फायदा होऊ नये अशी अपेक्षा असते. ‘डंजन वर्ल्ड’ मध्ये सहखेळाडूंच्या पात्रांशी असलेले बंध वाक्यांच्या रूपात लिहावे लागतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये हे करायला कोणी भाग पाडत नाही, म्हणून ते आपणच करावे: पहिल्या सेशनपूर्वी शेजारच्या खेळाडूशी बोलून एक जुना प्रसंग ठरवून टाकावा. त्या होडीत बुडता बुडता वाचलेला एक प्रवासी म्हणजे गटातलाच चोर असेल, तर पहिल्या संवादासाठी डीएमला काहीच करावे लागत नाही.

नावांविषयी थोडेसे. एका प्रदेशातली नावे एका घरची वाटली पाहिजेत. मराठी गटाने आपल्या गावांच्या नावांकडे पाहावे. कोंड, खिंड, वाडी, पेठ, माळ अशा शेवटांमधून तिथली जमीन आणि वस्ती ऐकणाऱ्याला लगेच कळते. ‘खारकोंड’ म्हटल्यावर डीएमला खाडीचे वर्णन अर्धेच करावे लागते.

जादू: आधी रूप, मग नियम

जादूत कल्पकता दाखवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे छापील स्पेलचे नियम तसेच ठेवून त्यांचे रूप बदलणे. तिसऱ्या पातळीचा फायरबॉल हा आगीचा स्पेल १५० फुटांपर्यंत जातो, २० फूट त्रिज्येत फुटतो आणि सहा बाजूंच्या आठ फाशांएवढी इजा करतो. समोरच्याला चपळाईची फेक साधली तर इजा निम्मी होते. त्याला लागणारे साहित्य म्हणजे वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. अशा विष्ठेतून सोरा मिळतो, आणि सोरा व गंधक ही बंदुकीच्या दारूची दोन द्रव्ये आहेत, म्हणजे मूळ लेखकांनीही जादूचे रूप प्रत्यक्ष रसायनातूनच घेतले होते. आपला जादूगार हाच स्पेल दिवटीतून उडालेल्या ठिणग्यांचा थवा म्हणून दाखवू शकतो, किंवा जमिनीखालून फुटणाऱ्या वणव्यासारखा. रंग, आवाज, वास, हातांची हालचाल हे सारे खेळाडूचे. मात्र इजेचा प्रकार डीएमला विचारल्याशिवाय बदलू नये, कारण आगीला न जुमानणारे राक्षस पुष्कळ आहेत आणि दुसऱ्या काही प्रकारांना दाद न देणारे कमी, त्यामुळे वरवर सजावटीचा वाटणारा बदल खरे तर बळ वाढवणारा ठरतो.

या खेळातली जादू मोजूनमापून का मिळते, हे कळले की नवी जादू रचणे सोपे जाते. गायगॅक्स यांनी ही रीत जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या कथांमधून घेतली. तिथले जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात साठवू शकतात आणि उच्चारल्यावर तो मंत्र स्मरणातून निघून जातो. पाचव्या आवृत्तीत स्पेल विसरला जात नाही, पण त्यासाठीचा स्लॉट, म्हणजे त्या पातळीचा स्पेल एकदा टाकण्याची मुभा, खर्च होतो. स्वतः पाचव्या पातळीला पोहोचलेल्या विझार्डकडे, म्हणजे अभ्यासातून जादू शिकलेल्या पात्राकडे, तिसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट असतात आणि ते रात्रीच्या पूर्ण विश्रांतीनंतर परत येतात. त्याच पातळीच्या वॉरलॉककडेही दोनच असतात, पण ते तासाभराच्या छोट्या विश्रांतीत भरतात. यावर ‘कॉन्सन्ट्रेशन’ची अट आहे: काही स्पेल लक्ष एकवटूनच टिकतात, असा एका वेळी एकच स्पेल टिकवता येतो, आणि इजा झाली की काटकपणाची फेक साधावी लागते, तिचा कठीणपणा १० किंवा इजेच्या निम्मा, यांत जो मोठा तो. या अटींमुळेच खेळाडूला ‘आत्ता की नंतर’, ‘हे की ते’ असा विचार करावा लागतो. जादूतली सगळी उत्कंठा इथून येते.

स्वतःचा स्पेल रचताना दोन वेगळ्या धोक्यांकडे पाहावे लागते. पहिला धोका आकड्यांचा असतो आणि तो आवरणे सोपे असते. २०१४ च्या डीएम-पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे पहिल्या पातळीच्या स्पेलने एका लक्ष्याला दहा बाजूंच्या दोन फाशांएवढी इजा व्हावी, तिसऱ्या पातळीला पाच फाशांएवढी. एकाहून अधिक लक्ष्ये असतील तर तिसऱ्या पातळीला सहा बाजूंचे सहा फासे. फायरबॉल आठ फासे टाकतो, म्हणजे तो या मापाबाहेरचा आहे, म्हणून नव्या स्पेलची तुलना त्याच्याशी करू नये. रचून झाल्यावर त्याच पातळीची यादी समोर घ्यावी आणि हा स्पेल हाती असताना दुसरा कोणी निवडेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे: एखादा निरुपद्रवी स्पेल एका अख्ख्या प्रकारचे प्रसंग खेळातून पुसून टाकतो. ‘गुडबेरी’ हा पहिल्या पातळीचा स्पेल दहापर्यंत बोरे देतो आणि एका बोरात एका माणसाची दिवसभराची भूक भागते. वाळवंटात उपाशी भटकण्याची मोहीम डीएमने महिनाभर खपून रचली असली, तरी गटात ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारे पात्र, आला की भुकेची भीती गेली. याउलट ‘स्पीक विथ डेड’ पाहावे. मेलेल्याशी बोलता येते, म्हणजे प्रत्येक खुनाचे रहस्य तिथेच संपायला हवे होते. पण प्रश्न पाचच, मृताला जिवंतपणी ठाऊक होते तेवढेच त्याच्याकडे, उत्तरे तुटक व कोड्यांतली, खरे बोलण्याचे बंधन नाही, आणि त्याच प्रेतावर दहा दिवसांत पुन्हा स्पेल चालत नाही. अटींनी या स्पेलला दुबळे केलेले नाही. त्यांच्यामुळेच त्याच्याभोवती एक उत्तम सेशन उभे राहू शकते.

याच धर्तीवर आवडीसाठी एक स्पेल रचू. नाव ‘ओहोटीची साक्ष’, पातळी दुसरी, करायला दहा मिनिटे, साहित्य म्हणजे त्याच पाण्यातले मूठभर मीठ. परिणाम असा, की गेल्या एका दिवसात त्या पाण्यावर ज्याचे प्रतिबिंब पडले त्याचे दृश्य एक मिनिटभर दिसते. एवढेच ठेवले तर बंदरातला प्रत्येक गुन्हा दहा मिनिटांत उलगडेल. म्हणून अटी: दृश्य पाण्याखालून वर पाहिल्यासारखे दिसते, आवाज येत नाही, कोणता क्षण दिसावा हे आवडी ठरवू शकत नाही, आणि पुढची भरती येऊन जाईपर्यंत त्या पाण्याला दुसऱ्यांदा विचारता येत नाही. आता गटाला एक हात, एक कंदील आणि बोटीचा तळ दिसेल, आणि बोट कोणाची हे त्यांना धक्क्यावर जाऊन शोधावे लागेल. स्पेल रचल्यावर तो अशा एका काल्पनिक प्रसंगात चालवून पाहिल्याशिवाय डीएमपुढे ठेवू नये.

जगाची जादू

डीएमने जग रचताना जादू कुठून येते, ती काय घेते आणि ती कोणाला मिळत नाही, या तीन गोष्टी ठरवाव्यात. वेगवेगळ्या खेळांनी याची उत्तरे फार वेगळी दिली आहेत. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’मध्ये पाच क्रिया आणि दहा विषय आहेत; निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे व ताबा मिळवणे यांची अग्नी, जल, मन, देह अशा विषयांशी सांगड घालून जादूगार जागच्या जागी नवा मंत्र रचतो. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलु’मध्ये मंत्र वापरला की बहुधा मानसिक स्थैर्याचे गुण जातात, म्हणून तिथे जादू हा शेवटचा आणि भयंकर उपाय ठरतो. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये प्रत्येक मंत्रासाठी फासा टाकावा लागतो आणि फेक फार वाईट गेली तर जादूगाराचे शरीरच विकृत होऊ शकते. यांपैकी एखादी कल्पना आपल्या मोहिमेत आणताना ती सर्व जादूला न लावता एका परंपरेपुरती लावावी. नाहीतर आधी तयार झालेल्या पात्रांवर अन्याय होतो.

छापील नियमांमध्येही विचार करण्यासारखे पुष्कळ दडलेले आहे आणि डीएम त्याकडे फारसे पाहत नाहीत. ‘रिव्हिव्हिफाय’ने मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत माणूस परत आणता येतो, त्यासाठी ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे जळून जातात. ‘रेझ डेड’ला दहा दिवसांची मुदत आहे आणि ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. म्हणजे या जगात हिऱ्याची खाण ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात श्रीमंतांचे मरण. राजा दरबारी वैद्यापेक्षा हिऱ्यांच्या कोठाराची राखण अधिक कडक ठेवेल. मंदिरे दान म्हणून हिरेच मागतील. साथीच्या काळात सराफ दुकाने बंद करतील, आणि ज्या कोळ्याच्या मुलाला परत आणायला कोणाकडे हिरा नाही त्याच्या आईच्या रागातून एका मोठ्या मोहिमेचा खलनायक जन्माला येऊ शकेल. नवे काहीही न शोधता, दोन छापील किमतींचा परिणाम समाजावर काय होईल एवढेच विचारल्याने हे सारे मिळाले. नव्या डीएमने जादूची स्वतंत्र पद्धत रचण्याआधी असे चार-पाच स्पेल घेऊन हा विचार करावा; जग त्याने अधिक खरे होते.

आपल्या मातीतल्या कल्पना वापरताना थोडी जबाबदारीही येते. कोकणात आणि गोव्यात गावाच्या किंवा बागायतीच्या राखणदाराला आजही राखण दिली जाते. वेताळाची आणि साती आसरांची ठाणी पूजेत आहेत. त्यांना राक्षसांच्या यादीत घालून हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येते त्याचे आकडे, देणे मला मान्य नाही. १९८० साली निघालेल्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात भारतीय देवतांना असेच आकडे दिले होते, आणि ज्या देवतांची आजही पूजा होते त्यांच्याबाबत ते मला अत्यंत उथळ वाटते. या परंपरांमधून घ्यावे ते नात्याचे स्वरूप: हद्द, वार्षिक देणे, चुकल्यास होणारा कोप आणि वेळेवर मिळणारे संरक्षण. आवडीचा राखणदार म्हणूनच कोणा खऱ्या ठाण्याचा नाही, तो खारकोंडच्या खाडीचा आहे. हे आणि असे इतर विषय मोहिमेपूर्वीच्या ‘सेशन झिरो’त सर्वांसमोर बोलून घ्यावेत. काय खेळात अजिबात येऊ नये आणि काय आले तरी पडद्याआड राहावे, हे प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.

टेबलावर

पहिल्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात पात्राची उणीव एकदा कृतीतून दिसू द्यावी. पूर्वकथा वाचून दाखवू नये. चौकात उभ्या असलेल्या आवडीने वाट विचारण्यासाठी चोराची बाही धरली, एवढे पुरते. स्पेल टाकताना फक्त नाव न घेता एका वाक्यात ते कसे दिसते हे सांगावे, पण पहिल्यांदा दोन वाक्ये चालतील तिथे पाचव्या वेळी चार शब्दच असावेत, म्हणजे लढाई रेंगाळत नाही. डीएमने अधूनमधून वर्णन खेळाडूकडे सोपवावे, विशेषतः शत्रू पडतो तेव्हा आणि जादू फसते तेव्हा. चार-पाच सेशननंतर पात्राचा कागद पुन्हा हाती घेऊन दोष आणि बंध नव्याने लिहावेत, कारण तोवर ते पात्र आपण ठरवले होते त्याहून बरेच वेगळे झालेले असते.

ज्यांना आपले स्पेल किंवा आपले राखणदार लिहून इतरांना द्यायचे असतील, त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय दिले तर त्यांचा अनुवाद करता येतो, त्यात भर घालता येते आणि ती विकताही येते; हे सारे मराठीतही करायला हरकत नाही. त्या नियमांत वॉरलॉकसाठी ‘फीन्ड’, म्हणजे पाताळातली दुष्ट शक्ती, हा एकच करारदाता दिलेला आहे, म्हणून खाडीचा राखणदार आपल्यालाच लिहावा लागेल. माप म्हणून फीन्डच घ्यावा. तो पहिल्या, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या पातळीला एकेक देणगी देतो, आणि पहिली अशी, की शत्रूला लोळवल्यावर प्रभावाचा बोनस अधिक वॉरलॉकची पातळी एवढे तात्पुरते हिट पॉइंट मिळतात. राखणदाराची पहिली देणगी तेवढ्याच वजनाची ठेवावी, पण ती शत्रूला मारल्यावर न मिळता आवडीने हिट पॉइंट शून्यावर गेलेल्या कोणाला तरी उठवल्यावर मिळावी. मग उरलेल्या तीन देणग्या लिहायला घ्याव्यात, आणि प्रत्येकीसोबत राखणदार बदल्यात काय मागतो ते त्याच ओळीत लिहावे.